झोपलेला एचआयव्ही जागा करता येतो, मग तो संपत का नाही?

धागाकर्ती: रेणुका_सूक्ष्म

"एचआयव्हीवर कायमचा इलाज सापडला" ही बातमी पुन्हा फिरतेय. या वेळचं निमित्त आहे मेलबर्नच्या डोहर्टी इन्स्टिट्यूटचं २०२५ मधलं संशोधन. मूळ शोधनिबंध नीट वाचला. काम खरोखर मोठं आहे, पण बातमीत जे म्हटलंय ते त्यात कुठेही नाही. मी विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करते आणि या विषयावर गेली अनेक वर्षं वाचतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शंका मोकळेपणाने विचारा.

एचआयव्ही सीडी४ पेशीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत, शिरला की आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. एकदा घुसला की तो त्या पेशीचाच भाग. अशा बहुतेक पेशी नवे विषाणू तयार करता करता मरतात. काही थोड्या मात्र नेमक्या त्याच सुमारास विश्रांतीला जातात आणि स्मृतिपेशी होतात. स्मृतिपेशींचं कामच मुळी वर्षानुवर्षं टिकून राहण्याचं. लहानपणी झालेला आजार शरीराला म्हातारपणीही ओळखता यावा म्हणून त्या असतात. विषाणूला याहून सुरक्षित जागा मिळणार नाही.

विश्रांतीतल्या पेशीत जनुकं वाचणारी यंत्रणा मंदावलेली असते. विषाणूचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो. एनएफ-कॅपा-बी सारखी जनुकं चालू करणारी प्रथिनं केंद्रकाबाहेर अडकलेली असतात. विषाणूचं स्वतःचं टॅट नावाचं प्रथिन थोडं जरी तयार झालं तरी ते पुढचं सगळं वेगाने सुरू करतं, पण ते पहिलं थोडंसंच तयार होत नाही. परिणाम असा, की पेशीत विषाणूचा आराखडा पूर्ण आहे, पण त्याचं एकही प्रथिन नाही. प्रतिकारशक्तीला ती पेशी निरोगीच दिसते. आपली औषधं, म्हणजे एआरटी, विषाणूच्या कामाचे टप्पे अडवतात. जो कामच करत नाही त्याला ती काय अडवणार?

इतिहास थोडक्यात सांगते. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला. १९९७ मध्ये गणित मांडलं गेलं, की अशीच औषधं साधारण २ ते ३ वर्षं घेतली तर विषाणू संपेल. त्याच वर्षी वेगवेगळ्या गटांनी दाखवलं, की औषधं चालू असलेल्या लोकांच्या विश्रांतीतल्या पेशींमधून जिवंत विषाणू बाहेर काढता येतो. पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने झोपलेला विषाणू बाळगणाऱ्या पेशींचा हा साठा किती वेगाने आटतो ते मोजलं. तो निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. या वेगाने पूर्ण संपायला ७० वर्षांहून अधिक. तेव्हापासून संशोधन या एका साठ्याभोवती फिरतंय.

साठा आकाराने लहान आहे. विश्रांतीतल्या साधारण १० लाख सीडी४ पेशींमागे एखादीच पेशी पूर्ण, धडधाकट विषाणू देऊ शकते. तरी औषधं थांबवली की बहुतेकांमध्ये २ ते ४ आठवड्यांत विषाणू परततो.

यावरचा सगळ्यात गाजलेला उपाय म्हणजे "जागवा आणि मारा". औषध देऊन झोपलेल्या पेशी जाग्या करायच्या, एआरटी चालूच ठेवायची म्हणजे नवा संसर्ग होणार नाही, आणि जाग्या झालेल्या पेशी एकतर आपोआप मरतील किंवा प्रतिकारशक्ती त्यांना टिपेल. २०१२ मध्ये डेव्हिड मार्गोलिस यांच्या गटाने वोरिनोस्टॅट हे कर्करोगावरचं औषध ८ जणांना दिलं. एका मात्रेनंतर त्यांच्या विश्रांतीतल्या पेशींमधला विषाणूचा आरएनए सरासरी जवळपास ५ पट वाढला. माणसाच्या शरीरात झोपलेला एचआयव्ही ठरवून हलवता येतो, हे त्यातून दिसलं. त्यानंतर पॅनोबिनोस्टॅट, रोमिडेप्सिन, डायसल्फिराम अशी बरीच औषधं वापरून झाली.

विषाणू हलला. साठा मात्र होता तेवढाच राहिला.

माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न इथे आहे आणि बातम्यांमध्ये तो कधीच येत नाही. जागं करणं आता थोडंफार जमतं. जागी झालेली पेशी मरत नाही. आरएनए तयार झाला म्हणजे पेशी मरण्याइतकी प्रथिनं झाली असं नाही. ज्यांनी तिला मारायचं त्या सीडी८ पेशी दीर्घ संसर्गात थकलेल्या असतात. शिवाय साठ्यातले बरेचसे विषाणू त्यांना चुकवणारे बदल अंगावर घेऊनच झोपलेले असतात. म्हणजे पोलीस हजर आहेत, पण त्यांच्या हातातला फोटो दुसऱ्याच माणसाचा आहे. ब्रिटनमधल्या रिव्हर चाचणीत ६० जणांपैकी निम्म्यांना एआरटीसोबत वोरिनोस्टॅट आणि सीडी८ पेशी तयार करणारी लस दिली, उरलेल्यांना फक्त एआरटी. २०२० मध्ये निकाल आला: दोन्ही गटांच्या साठ्यात फरक नाही.

मेलबर्नच्या गटाने काय केलं? कोविडच्या लशींमुळे एमआरएनए आणि त्याभोवतीचे चरबीचे सूक्ष्म गोळे सगळ्यांना माहीत झाले. विश्रांतीतल्या टी पेशी (सीडी४ या त्यातल्याच) हे गोळे आत घेत नाहीत, ही मोठी अडचण होती. या गटाने गोळ्यांची रचना बदलून एमआरएनए त्या पेशींच्या आत पोहोचवला, आणि पेशीला टॅट तयार करायला लावलं. विषाणू जोरात जागा झाला आणि पेशीच्या बाकीच्या कारभारात फारशी ढवळाढवळ झाली नाही. पण हे सगळं रुग्णांच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या पेशींवर, प्रयोगशाळेत. शरीरात नाही, आणि साठाही त्यातून कमी झालेला नाही.

---

निशिगंध

अप्रतिम धागा, रेणुकाताई. एक शंका. बर्लिनचा रुग्ण बरा झाला होता ना? मग तोच उपाय सगळ्यांना का करत नाहीत?

---

रेणुका_सूक्ष्म

निशिगंध, टिमोथी रे ब्राउन. त्यांना एचआयव्हीसोबत रक्ताचा कर्करोगही होता आणि त्यासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावंच लागणार होतं. डॉ. गेरो ह्युटर यांनी मुद्दाम असा दाता शोधला, ज्याच्या पेशींवर सीसीआर५ हा रिसेप्टर जन्मतःच नव्हता. एचआयव्हीचे बहुतेक प्रकार पेशीत शिरताना तोच धरतात. २००७ आणि २००८ मध्ये दोनदा प्रत्यारोपण झालं. विषाणू परतला नाही. २०२० मध्ये ते गेले ते कर्करोग उलटल्यामुळे. पुढे लंडनचे अ‍ॅडम कॅस्टिलेहो आणि आणखी काही जण याच वाटेने बरे झाले.

पण या प्रत्यारोपणात जीव जाण्याचा धोका मोठा असतो. गोळी घेऊन नीट जगणाऱ्या माणसाला त्यात ढकलणं कोणताच डॉक्टर मान्य करणार नाही. सीसीआर५ नसलेले दाते उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांतही साधारण १ टक्का.

यातून शिकण्यासारखं मात्र खूप आहे. बॉस्टनमध्ये दोघांना सीसीआर५ असलेल्या दात्यांची मज्जा दिली होती. पुढे कुठल्याही तपासणीत विषाणू सापडेना. औषधं थांबवली, एकाला १२ आठवड्यांनी, दुसऱ्याला ३२ आठवड्यांनी विषाणू परतला. उलट जिनिव्हाच्या रुग्णाचा दाताही सीसीआर५ असलेलाच, आणि २०२१ मध्ये औषधं थांबवूनही विषाणू परतल्याचं दिसलं नाही. म्हणजे सगळं श्रेय त्या एका जनुकाला देता येत नाही. दात्याच्या प्रतिकारपेशी जुन्या पेशींवर तुटून पडतात आणि साठ्यातल्या पेशीही त्यात मारल्या जातात, हा भाग फार मोठा दिसतो.

---

पेशीवेडा

लेख आवडला. मी जनुक-संपादनावर काम करतो, त्यामुळे त्या बाजूचं थोडं लिहितो.

क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीने विषाणूचा डीएनए गुणसूत्रातून कापून काढायचा, ही कल्पना ऐकायला सगळ्यात सरळ. टेंपल विद्यापीठातल्या कामातून ईबीटी-१०१ नावाचा उपचार तयार झाला. तो एएव्ही९ या निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून शिरेतून एकदाच देतात. २०२२ मध्ये पहिल्या माणसाला दिला. तिघांनी नंतर एआरटी थांबवली आणि तिघांनाही ती पुन्हा सुरू करावी लागली. एकात विषाणू परतायला १६ आठवडे लागले, हे नेहमीपेक्षा बरंच उशिरा. सुरक्षिततेच्या बाबतीत मोठी अडचण आली नाही, आणि पहिल्या चाचणीचं मुख्य काम तेच असतं.

अडचण पोहोचण्याची आहे. धाग्यात आलंच आहे की १० लाखांत एखादी पेशी. ती रक्तात असेल, लसीकागाठीत असेल, आतड्याच्या भिंतीत असेल. मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींतही विषाणू सापडतो. कात्री यातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीपर्यंत जायला हवी. ९० टक्के पेशी साफ झाल्या तरी उरलेल्या १० टक्क्यांतून विषाणू परतू शकतो. कर्करोगात ९० टक्के गाठ गेली तर आपण आनंद मानतो. इथे तसा आनंद मानता येत नाही.

---

साधा_वाचक

सगळं वाचलं. विषय गंभीर आहे म्हणून स्पष्ट विचारतो, राग नसावा. रोज एक गोळी घेऊन माणूस जवळपास सर्वसामान्य आयुष्य जगतो. मग या संशोधनावर इतका पैसा आणि वेळ का? तो गोळ्या न मिळणाऱ्यांवर खर्च करावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

---

अनाम_प्रवासी

साधा_वाचक, मला राग नाही आला. मी एचआयव्हीसह जगतोय, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. इथे बरेच जण मला दुसऱ्या आयडीने ओळखतात, तो सांगत नाही.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, गेली कित्येक वर्षं "आढळला नाही" असा येतो. माझ्यामुळे जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे "पार्टनर" नावाच्या अभ्यासासारख्या मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केलंय. तब्येत उत्तम. ज्यांना गोळ्या मिळत नाहीत त्यांना आधी मिळाल्या पाहिजेत, यात दुमत नाही. २०२४ च्या अखेरीस जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि उपचारावर होते ३ कोटी १६ लाख. मधल्या ९२ लाखांचा विचार माझ्या मनात तुमच्याइतकाच येतो.

पण याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने बघा. हे ३ कोटी १६ लाख लोक मरेपर्यंत रोज औषधावर अवलंबून आहेत. कुठे युद्ध झालं, पूर आला, निधी बंद झाला, औषधांचा साठा संपला, की महिन्याभरात विषाणू परत. आपलं आयुष्य कुणाच्या तरी अंदाजपत्रकातल्या ओळीवर टांगलेलं आहे ही जाणीव गोळीसोबत रोज गिळावी लागते. प्रवासाला निघताना मी आधी गोळ्या भरतो, मग कपडे. बाटलीवरचं लेबल खरवडून काढतो, कारण सामान कोण उघडेल सांगता येत नाही. शरीराला त्रास नाही म्हणून ओझं नाही असं नसतं.

आणि विषाणू दाबलेला असला तरी आत एक मंद दाह चालू राहतो असं डॉक्टर सांगतात. हृदयविकाराचा धोका आमच्यात जास्त असतो. तेव्हा कृपा करून "गोळी आहे ना" एवढ्यावर हा विषय मिटवू नका.

---

साधा_वाचक

अनाम_प्रवासी, मनापासून धन्यवाद. अंदाजपत्रकाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. या संशोधनावर खर्च झाला पाहिजे, पटलं.

---

कस्तुरी_पी

+१ अनाम_प्रवासी.

मी समुपदेशक आहे. अशी बातमी फिरली की पुढचे काही दिवस आमच्याकडे येणाऱ्यांच्या हातात मोबाइल असतो. परवा एक गृहस्थ आले. स्क्रीन माझ्यापुढे धरली आणि हळूच विचारलं, "मॅडम, आता थोडे दिवस थांबलं तर चालेल ना? नवीन औषध येतंच आहे." त्यांच्या गोळ्या संपून आठवडा झाला होता आणि ते न्यायला आले नव्हते.

२००६ मध्ये स्मार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात सीडी४ पेशींची संख्या चांगली असताना औषधं थांबवायची आणि ती घसरली की पुन्हा सुरू करायची, असं करून पाहिलं होतं. थांबवणाऱ्यांत आजार आणि मृत्यू दोन्ही जास्त निघाले, म्हणून तो प्रयोग आवरावा लागला. त्या गृहस्थांना मी हेच सांगितलं आणि त्यांनी त्याच दिवशी गोळ्या नेल्या. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, बातमी पुढे ढकलण्याआधी हा धागा ढकला.

---

निशिगंध

कस्तुरीताई, ढकलला. आणखी एक विचारते. जन्मतःच संसर्ग झालेल्या बाळाला लगेच औषधं दिली तर साठा तयारच होणार नाही का?

---

रेणुका_सूक्ष्म

निशिगंध, हाच विचार करायला लावणारी एक मुलगी होऊन गेली, मिसिसिपीची. २०१० मध्ये जन्म. जन्मानंतर ३० तासांत औषधं सुरू. मुलगी १८ महिन्यांची असताना औषधं बंद पडली, आणि नंतर तपासलं तर विषाणू सापडेना. २७ महिने औषधांविना गेले. सगळ्या जगाला वाटलं की जमलं. जुलै २०१४ मध्ये विषाणू परतल्याचं जाहीर झालं. माकडांवरच्या प्रयोगात तर संसर्गानंतर ३ दिवसांत औषधं सुरू केली, रक्तात विषाणू दिसायच्याही आधी, तरी साठा तयार झालेला होता.

लवकर उपचार वाया जात नाहीत. साठा लहान राहतो आणि प्रतिकारशक्ती शाबूत राहते. दक्षिण आफ्रिकेत संसर्गाच्या अगदी सुरुवातीला औषधं सुरू झालेल्या २० स्त्रियांना दोन प्रभावी प्रतिपिंडं आणि वेसाटोलिमोड हे प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध देऊन एआरटी थांबवली. २०२५ मध्ये निकाल आला. त्यातल्या ६ जणी चाचणी संपेपर्यंत, म्हणजे ४८ आठवडे, औषधांविना राहू शकल्या आणि ४ जणी त्यानंतरही. मला हा निकाल बातम्यांत गाजलेल्या कितीतरी निकालांपेक्षा मोलाचा वाटतो. जगातले सर्वाधिक एचआयव्हीबाधित लोक आफ्रिकेत आहेत, आणि साठ्यावरच्या चाचण्या वर्षानुवर्षं मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या पुरुषांवर होत आल्या.

---

पेशीवेडा

रेणुकाताई, मारण्याच्या बाजूने कार्ड८ बद्दल लिहाल का? मला ते काम फार आवडलंय.

---

रेणुका_सूक्ष्म

हो, ते राहिलंच. विषाणूकडे प्रोटीएज नावाचं एक कापणारं विकर असतं. नवा विषाणू पेशीतून बाहेर पडताना ते कामाला लागतं, पेशीच्या आत असेपर्यंत शांत असतं. आपल्या पेशीत कार्ड८ नावाचं एक पहारेकरी प्रथिन आहे. प्रोटीएज जर पेशीच्या आतच सुरू झालं तर ते कार्ड८ ला कापतं, आणि कार्ड८ कापलं गेलं की पेशी स्वतःला फोडून टाकते. गंमत म्हणजे एफाविरेंझ आणि रिल्पिविरिन या जुन्याच एचआयव्हीच्या गोळ्या प्रोटीएजला वेळेआधी, आतल्या आत सुरू करू शकतात. २०२१ मध्ये सेंट लुईसच्या लियांग शान यांच्या गटाने हे दाखवलं. म्हणजे सीडी८ पेशींच्या कुबड्या न घेता बाधित पेशी मारायची वाट सापडली, आणि विषाणू सीडी८ पेशींना चुकवण्यासाठी जे बदल करतो त्यांनी फरक पडायचं कारण नाही.

दोन अडचणी. रक्तातली प्रथिनं या औषधांना धरून ठेवतात, त्यामुळे शरीरात प्रभाव उतरतो. आणि पेशी आधी जागी व्हायला हवी, प्रोटीएज असायला हवं. इथे मेलबर्नचा एमआरएनए आणि सेंट लुईसचं कार्ड८ एकमेकांना पूरक ठरतात. पुढचं मोठं पाऊल अशा जोडीतून पडेल असं मला मनापासून वाटतं. व्हेनेटोक्लॅक्स हे कर्करोगाचं औषधही याच दिशेचं. ते पेशीला जगवणाऱ्या बीसीएल-२ प्रथिनाला अडवतं. मानवी पेशी असलेल्या उंदरांत त्याने विषाणू परतायला उशीर झाला. परतला, पण उशिरा.

उलट दिशेनेही काम चालू आहे: जागं करायचंच नाही, टॅट कायमचं अडवून विषाणूला आणखी गाढ झोपवायचं. निसर्गात याचा पुरावा आहे. औषधांविना विषाणू दाबून ठेवणाऱ्या मोजक्या लोकांत उरलेला धडधाकट विषाणू बहुतेकदा गुणसूत्राच्या अशा ओसाड भागात सापडतो जिथे फारशी जनुकं नाहीत आणि वाचणारी यंत्रणा फिरकत नाही. अर्जेंटिनातली एस्पेरांझाची रुग्ण त्याही पुढची. दीडशे कोटींहून अधिक पेशी तपासल्या, एकही पूर्ण विषाणू सापडला नाही. हे २०२१ मधलं.

---

अनाम_प्रवासी

रेणुकाताई, साठा मोजतात कसा? आणि उद्या मला अशा एखाद्या चाचणीत भाग घ्यायचा झाला तर काय विचारावं?

---

रेणुका_सूक्ष्म

जुनी आणि कष्टाची पद्धत अशी. माणसाच्या एका हातातून रक्त यंत्रात जातं, पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून बाकीचं दुसऱ्या हातातून परत जातं. काही तास आडवं राहावं लागतं. प्रयोगशाळेत त्यातून फक्त विश्रांतीतल्या सीडी४ पेशी निवडतात आणि त्या टप्प्याटप्प्याने विरळ करत छोट्या खळग्यांत वाटतात. मग त्यांना जागं करायचं, शेजारी निरोगी पेशी सोडायच्या आणि दोन-तीन आठवडे विषाणूचं पी२४ प्रथिन कुठल्या खळग्यात दिसतं ते बघायचं. जो विषाणू त्या एका जागवण्यात उठला नाही तो मोजलाच जात नाही, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. सरळ डीएनए मोजला तर उलटी चूक होते, कारण ९० टक्क्यांहून अधिक विषाणू-डीएनए मोडकातोडका असतो, त्यातून काही जन्मत नाही. २०१९ मध्ये आलेल्या पद्धतीत डीएनएच्या दोन जागा एकाच वेळी तपासतात आणि दोन्ही शाबूत असतील तरच मोजतात. तरीही साठा खरंच गेला का, याचं शेवटचं उत्तर औषधं थांबवूनच मिळतं.

म्हणून चाचणीत जाताना पहिला प्रश्न हाच: औषधं थांबवणार आहात का, आणि किती काळ? त्या काळात व्हायरल लोड किती दिवसांनी बघणार? कितीवर गेला की गोळ्या पुन्हा सुरू होणार, आणि तो निर्णय माझ्या म्हणण्यावरही घेता येईल ना? माझ्या जोडीदाराला संसर्ग टाळणारी गोळी, म्हणजे प्रेप, तुमच्याकडून मिळणार का? हा प्रश्न संकोच न करता विचारा. औषधं थांबवलेल्या काळात जोडीदाराला संसर्ग झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्यात. शेवटचं म्हणजे, यातून मला स्वतःला काही फायदा होईल का, असं विचारा. सुरुवातीच्या टप्प्यातल्या चाचणीचं प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच असतं, आणि जी टीम ते तोंडावर सांगते तिच्याशी पुढचं बोलावं.

---

अनाम_प्रवासी

हे लिहून घेतलं. पुढच्या तपासणीला जाईन तेव्हा डॉक्टरांशी या यादीवरूनच बोलतो.